अकरावा फर्मा

बाइंडर माणूस पुस्तक वाचत नाही. हे ऐकून लोकांना नवल वाटतं. वसमतला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत माझं दुकान. तिथं येणारे मास्तर लोक हमखास म्हणायचे, "मामा, तुमची मजा आहे बुवा, दिवसभर पुस्तकांतच असता." मी नुसती मान हलवायचो. हलवाईसुद्धा दिवसभर पेढ्यांत असतो, पण तो पेढे खात बसला तर दुकान बंद होईल. बाइंडर पानावरचा आकडा बघतो, मजकूर बघत नाही. माझ्या हातून हजारो पुस्तकं शिवून गेली, त्यांतली मी वाचलेली एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. आणि ज्या एका पुस्तकाबद्दल मला आज सांगायचं आहे, ते तर मुलांचं, पऱ्यांचं. शिवाय ते मी आधी शिवलं नाही, फोडलं.

आधी थोडं कामाबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. छापखान्यात पुस्तक सुट्या पानांवर छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं छापतात. त्या कागदाची घडीवर घडी घातली की सोळा पानांची एक पातळ वही होते. तिला फर्मा म्हणतात. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद त्याला जुज म्हणायचे. असे फर्मे नंबरवार एकावर एक रचायचे, प्रत्येकाच्या घडीतून सुई घालून एकाला दुसऱ्याशी दोऱ्यानं बांधायचं, पाठीला खळ लावायची, शिकंज्यात दाबून वाळवायचं आणि वर पुठ्ठा चढवायचा. खळीत थोडं मोरचूद घालायचं, म्हणजे कसर लागत नाही. एवढंच काम. उस्ताद म्हणायचे, गाठ अशी मारा की वाचणाऱ्याला ती कधी दिसू नये.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुने. सेनगावकडचा एक म्हातारा लाल कापडात बांधलेली पोथी घेऊन आला होता. वाळवीनं मधली पानं चाळणी केलेली. मी म्हणालो, दुसऱ्या प्रतीवरून तेवढी पानं लिहून घेऊ आणि घालू. तो एकदम उठून उभा राहिला. "न्हाई न्हाई. जिथं वाळवीनं खाल्लं तिथं आमी हात जोडतो अन् फुडं जातो. आमच्या बापापासून तसंच हाय. तुमी फकस्त बांधा." मी खाल्लेल्या पानांसकट ती पोथी बांधली. आजही त्यांच्या घरी पारायणात तिथं हात जोडत असतील.

कुरुंद्याचे एक हळदवाले शेतकरी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा घेऊन आले. प्रत्येक तारखेच्या चौकोनात त्यांनी काहीबाही लिहिलेलं. हळद लावली, गाय व्याली, आईला दवाखान्यात नेलं, आई गेली, हळद काढली. त्यांना सगळ्या कॅलेंडरांचं एक पुस्तक हवं होतं. ते एवढं जाड झालं की आरीनं भोकं पाडताना माझा अंगठा सुजला. न्यायला आले तेव्हा दोन्ही हातांनी उचलून म्हणाले, "वजनदार झाली की हो जिंदगी."

चुकाही झाल्या. एका बाईंनी त्यांच्या वारलेल्या वडिलांची वही दिली होती. मी सवयीनं कडा सरळ केल्या. वडिलांनी समासात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ते अर्धं कापलं गेलं. कातरण शोधायला गेलो तर ती सकाळीच पेटवून टाकलेली. त्या बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त वही उघडून त्या कडेवरून बोट फिरवलं आणि पिशवीत ठेवली. तेव्हापासून कडा कापण्याआधी मी प्रत्येक पान उलटून बघतो.

तर कऱ्हाळे बाई. वसमतपासून जीपनं तासाभरावर एक तांडा आहे, तिथल्या शाळेवर त्या शिक्षिका. दसऱ्यानंतर चारच दिवसांनी त्या दुकानात आल्या आणि पिशवीतून एक नवंकोरं पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. निळं आकाश, त्यात डोळे मिटलेली एक इवलीशी परी. शिलाई पक्की, पाठ गोल, कुठं काही उसवलेलं नाही.

"याला काय झालंय, बाई?"

"काही नाही, मामा. हे फोडून पाहिजे. फर्मा-फर्मा वेगळा."

मी चष्मा काढला. जन्मभर तुटलेलं बांधून देणाऱ्या माणसाला कुणी चांगलं बांधलेलं फोडायला सांगितलं तर राग येणारच. मी म्हणालो, "बाई, कसाबाकडे जा."

बाई हसल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. तांड्यातली निम्मी घरं दिवाळीच्या आगंमागं ऊसतोडीला जातात. कुणाची टोळी सांगलीकडे, कुणाची कोल्हापूरकडे, कुणाची पार कर्नाटकात. ज्यांच्या घरी मागं सांभाळायला कुणी नाही ती लेकरं आईबापांबरोबर जातात. यंदा त्यांच्या शाळेतली बारा मुलं चालली होती. उन्हाळ्यात टोळ्या परत येतात, पण मुलं परत शाळेत येतीलच असं नसतं. मध्ये पाच-सहा महिने गेले की त्यांना लाज वाटते, मागं पडल्यासारखं वाटतं, मग ती शाळेच्या रस्त्यानं जायचंच टाळतात. बाईंनी वर्गात या पुस्तकाचे दोन धडे वाचून दाखवले होते आणि मुलं वेडी झाली होती. तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं की पुस्तक वाटून द्यावं. प्रत्येकाकडे एकेक तुकडा.

"मग झेरॉक्स काढा की," मी म्हणालो.

"झेरॉक्स कुणी परत आणत नाही, मामा. चुलीत जाते. पण पुस्तकाचा तुकडा आपल्याकडे आहे आणि तो नसला तर पुस्तक पुरं होणार नाही, हे कळलं की लेकरू तो आणून देतं. तुकडा आणायला तरी शाळेत येईल. एकदा आलं की पुढचं मी बघते."

एकशे शहात्तर पानं, म्हणजे अकरा फर्मे. मुलं बारा, पण त्यांत दोन भाऊ होते, त्यांना मिळून एक. मी कात्री हातात घेतली, खाली ठेवली, परत घेतली. दोरा कापला तेव्हा पुस्तकाच्या आतून जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. शेवटचा, अकरावा फर्मा बाईंना लगेच हवा होता, कारण तो जिला द्यायचा होता त्या मनीषाची टोळी दुसऱ्याच दिवशी निघणार होती. मनीषा सातवीत, सगळ्यांत मोठी, सगळ्यांत जबाबदार, म्हणून शेवट तिच्याकडे. मी त्याला पातळ पुठ्ठा लावला, पाठीला कापडी पट्टी चिकटवली, वर मोठा आकडा घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला. बाकीचे दहा त्यांना तीन दिवसांनी हवे होते.

त्या तीन दिवसांत मी नियम मोडला. पुठ्ठे चिकटवता चिकटवता नजर मजकुरावर गेली आणि गेली ती गेलीच. ग्रामपंचायतीची रजिस्टरं तशीच पडून राहिली आणि मी पऱ्यांचं पुस्तक वाचत बसलो, तेही गिऱ्हाईक आलं की फडक्याखाली लपवून.

गोष्ट अशी. या पऱ्या लोकांच्या इच्छा पुऱ्या करतात, पण इच्छा पुरी केली की परीचं एक पीस गळतं. सगळी पिसं संपली की ती साधी पाकोळी होते आणि मग तिला कुणाची ओळख राहत नाही. इवली नावाच्या परीनं सगळ्यांना इतकं देऊन टाकलं की तिच्याकडे एकच पीस उरलं. ती निमा नावाच्या मुलीकडे येते. दोघींची मैत्री होते. पऱ्यांचा एक कायदा असतो: एकदा एखाद्याला "माग" म्हटलं की त्याची इच्छा ऐकल्याशिवाय परीला त्याला कायमचं सोडून जाता येत नाही. गावातला प्रत्येक जण निमाला सांगतो, अमुक माग, तमुक माग. दहाव्या फर्म्याच्या शेवटच्या ओळीत इवली निमाच्या तळहातावर बसते आणि म्हणते, "माग." निमा तोंड उघडते आणि... पान संपलं. पुढचं मनीषाबरोबर ट्रकमध्ये बसून उसाच्या फडात गेलेलं.

मी बाईंना विचारलं, पुढं काय होतं? बाईंनी पुस्तक आधीच वाचलेलं होतं. पण त्या म्हणाल्या, "नियम सगळ्यांना सारखा, मामा. थांबा."

मुलं गेली. बाईंनी मोबाइलवर सगळ्यांच्या बापांचा एक ग्रुप केला, त्यात मलाही घातलं. ठरलं असं की ज्याच्याकडे पहिला फर्मा त्यानं तो वाचून आवाज पाठवायचा, तो सगळ्यांनी ऐकला की दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. फर्मा काही धडा संपला म्हणून संपत नाही. तिसरा "परीनं डोळे मिटले आणि" इथंच संपत होता. लगेच खाली कुणाच्या तरी बापाच्या फोनवरून पोराचा आवाज आला, "ए, चौथावाल्या, वाच ना लवकर!" मी दुकानात बसून ऐकायचो. वाचणाऱ्या पोराच्या मागं कोयत्याचा आवाज, ट्रॅक्टर, कुणी तरी "भांडी घास गं" म्हणून ओरडतंय, आणि मधे परी बोलतेय. सहावा फर्मा दोन भावांकडे होता. त्यांच्या बापाचा फोन पाण्यात पडला आणि पंधरा दिवस सगळी गोष्ट तिथं अडून बसली. एवढी तगमग मला माझ्या पोरीच्या निकालाचीही झाली नव्हती.

संक्रांतीनंतर दहावा फर्मा वाचून झाला. मनीषाचा आवाज आला, एवढाच: "माझा मी आत्ता वाचणार न्हाई. सगळे जण शाळेत जमल्यावर वाचीन." पोरांनी खूप आरडाओरडा केला. मीही एक अंगठा उलटा करून पाठवला. पण पोरगी बधली नाही. त्यानंतर तिच्या बापाच्या फोनवरून काहीच आलं नाही.

टोळ्या परत आल्या तशी मुलं फर्मे घेऊन शाळेत गेली. बाई एप्रिलअखेर दहा फर्मे घेऊन दुकानात आल्या. एकावर चुलीची काजळी, एकाला रस सांडून मुंग्या लागून गेलेल्या, एकाच्या पुठ्ठ्यावर तान्ह्या बाळाच्या दातांचे ठसे. दोन भावांचा फर्मा घडीवर फाटून दोन झालेला, भांडण नको म्हणून त्यांनीच तो नीट अर्धा करून घेतलेला. मला त्यांचा रागच येईना. मी एकेक पान पुसून, चिकटपट्टी न लावता पातळ कागदानं सांधून ठेवलं. अकरावा मात्र आला नव्हता.

बाई म्हणाल्या, "मनीषाचे वडील तिला शाळेत पाठवत नाहीत. सोयरीक बघून राहिलेत. मी दोनदा जाऊन आले. कायदा सांगितला, पोरीचं वय सांगितलं. ते ऐकून घेतात, चहा पाजतात आणि काही बोलत नाहीत."

मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी एक माणूस दुकानाच्या पायरीशी उभा राहिला. उन्हानं काळवंडलेला, डोक्याला टॉवेल. मोंढ्यातली हळदीची भुकटी त्याच्या चपलांवर बसलेली. त्यानं खताच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी पुढं केलं.

"मी वसराम. मनीषाचा बाप. पोरगी म्हणली, हे पुस्तकवाल्या मामाला देऊन या. ते दिल्याबगर तिच्या घशाखाली घास उतरंना."

मी पिशवी उघडली. अकरावा फर्मा. जसा दिला होता तसाच, एक डाग नाही. सहा महिने कोपीत, फडातल्या झोपडीत, राहून आलेला कागद असा राहू शकतो यावर माझा विश्वास बसेना. माझी बोटं पहिलं पान उलटायला निघाली होती. मग लक्षात आलं की हा फर्मा आला, पण जिनं आणायचा ती आली नाही. बाईंचा सगळा डाव पोरीच्या प्रामाणिकपणानंच उलटवला होता.

"ती स्वतः का नाही आली?"

"आता ती काहून येईल? सातवी झाली. बस झालं." ते पायरीवर टेकले. "मामा, तुमी बी बाई सांगती तेच सांगणार. मला समजतं. पर आमी सहा महिने फडात ऱ्हातो. कोपीला दार नसतं. पाचटाच्या भिताडाआड जवान होत चाललेली पोरगी ठेवून मी पहाटं ऊस तोडायला जातो, तवा माझा जीव कुठं असतो ते मला ठाऊक. तिचं हात पिवळे केले की माझी जोखीम उतरली. चांगलं स्थळ हाय. पाव्हणे बघून गेले."

त्यांचं भय खोटं नव्हतं. मी तो फर्मा पिशवीत घातला, गुंडाळला आणि त्यांच्या हातात परत दिला.

"हे मी घेणार नाही."

"आँ?"

"जिला दिलं तिनंच आणून द्यायचं. नियम आहे."

"अहो, एवढासा कागद! मी एस्टीला उभा राहून आलो हितवर."

"असेल. दुसऱ्या कुणाच्या हातून मी घेत नाही."

असा काही नियम नव्हता. तो मी त्या क्षणी पायरीवर बनवला. वसरामनी पिशवी मांडीवर ठेवली. मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "शेवट वाचायची घाई झाली असंल ना तुमाला? बाई म्हणत होती, मामा लई विचारतात. मला पाठ हाय. पोरीनं त्या पोरांना न्हाई वाचला, पर कोपीत आमाला रोज वाचून दाखवला. सांगू का?"

"नका सांगू!" मी एवढ्या जोरात ओरडलो की समोरचा टेलर मशीन थांबवून बाहेर आला. "एक शब्द सांगू नका. तिच्यासमोर सांगा."

ते रागानं उठले आणि पिशवी काखेत मारून निघून गेले.

त्यानंतरचे दिवस माझे वाईट गेले. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "हातात आलेलं का सोडलं? आता पोरगी बी गेली अन् कागद बी." तेच माझ्या मनात होतं. त्या माणसानं वाटेत पिशवी नाल्यात भिरकावली असली तर? आयुष्यभर मी कुणाचं पान हरवू दिलं नव्हतं. बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बरं केलंत," पण त्यांनाही खात्री नव्हती. तालुक्याच्या मुलींच्या वसतिगृहात एक जागा आहे, एवढं मात्र त्या वसरामना परत सांगून आल्या. या वेळी त्यांना चहाही मिळाला नाही.

दहा फर्मे मी शिवले नाहीत. शिकंज्यात ठेवून दिले. जावई म्हणाला, "मामा, दहाच बांधून टाकू, शाळा उघडायची वेळ आली." दुकान आता तोच बघतो, कारण माझ्या डोळ्यांना सुईचं नेढं दिसत नाही. पण मी त्याला त्या शिकंज्याला हात लावू दिला नाही.

शाळा उघडून आठवडा झाला होता. सकाळी दुकान झाडत होतो. पायरीवर दोन सावल्या पडल्या. वसराम, आणि त्यांच्यामागं दोन वेण्या घातलेली, हातात पत्र्याची पेटी धरलेली मुलगी. तिनं पेटी खाली ठेवली आणि खताची पिशवी दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली.

"मामा, हा घ्या. काल तांड्यात सगळ्यांना वाचून दाखवला. आता बांधा."

"आणि तू?"

"आठवीला नाव घातलं हितं. होस्टेलात ऱ्हाणार हाय."

मी लगेच काम काढलं. चष्मा लावून बघितलं, नेढं काही दिसेना. मनीषानं सुईत दोरा ओवून दिला. अकरा फर्मे रचले, तिलाच आकडे मोजायला लावले. शेवटच्या फर्म्याची गाठ कशी मारतात ते दाखवलं आणि ती तिला मारू दिली. जरा सैल बसली. ती तशीच ठेवली. दुसऱ्या कुणाच्या हातची असती तर मी सोडून परत मारली असती.

वसराम पायरीवर बसून होते. खळ लावत असताना त्यांनी घसा खाकरला.

"आता सांगू का शेवट?"

तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही आता शेवट ठाऊक होता, एका मलाच नव्हता. मी म्हणालो, सांगा.

वसरामना अक्षरओळख नाही. ते मांडी घालून बसले, टॉवेल काढून मांडीवर ठेवला. "परी म्हणती, माग. शेवटचं पीस हाय. ती निमा काय म्हणती ठाऊक हाय का? ती म्हणती, आज न्हाई. उद्या ये, मंग सांगते. आता ऐकल्याबगर परीला कायमचं जाता येत न्हाई. मंग दुसऱ्या दिशी परी येती, तर ही परत म्हणती, उद्या ये. रोज तेच. परीचं पीस काय गळत न्हाई अन् परी काय जात न्हाई. निमा म्हातारी होती, तरी परी येऊनच राहिली."

मनीषा हातातल्या दोऱ्याच्या तुकड्याकडे बघत हसत होती.

"तुमच्याकडून गेलो त्या दिशी लई राग होता," वसराम म्हणाले. "चार दिसांनी पाव्हणे आले, तारीख काढा म्हणून. मी बोलायला गेलो अन् माझ्या तोंडातून निघालंच. म्हणलो, आज न्हाई. उद्या या, मंग सांगतो." ते उठले, पोरीची पेटी खांद्यावर घेतली. "दोनदा येऊन गेले, मामा. मी दोन्ही टायमाला तेच सांगितलं."